दहा हजार आत्या

सॉफ्टवेअर बाजारात सोडण्याआधी त्याला मनसोक्त बदडून घ्यावं लागतं. त्याच्यावर गर्दी सोडायची, चुकीची बटणं दाबायची, अर्ध्यातच वीज तोडायची आणि ते कुठं कोलमडतं ते पाहायचं. कोलमडलं की दुरुस्तीला द्यायचं, परत आलं की पुन्हा बदडायचं. केतकी बोंगाळे हे काम इतकी वर्षं करत होती, की लग्नाच्या पंगतीत बसली तरी वाढपी किती वेळानं फिरकतोय याकडेच तिचं लक्ष असे. ओळखीचे लोक तिला यावरून चिडवत, आणि तिलाही त्यात थोडी प्रौढी वाटे.

त्या सकाळी मात्र पुण्यात बाणेरच्या ऑफिसात चाचणीचा पडदा पाहता पाहता तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

पडदा भिंतभर होता. त्यावर दहा हजार चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात तिची शैलाआत्या होती. कुठं पासष्टीची, कुठं नव्वदीची, कुठं कानांनी बहिरी, कुठं हात थरथरणारी, पण सगळीकडे आत्याच. दहा हजार जणींनी एकाच वेळी मदतीसाठी फोन लावला होता आणि सगळ्या जणी वाट पाहत होत्या. शेजारच्या टेबलावर मिसळ आली होती. विश्राम नावाच्या सहकाऱ्याला काय हुक्की आली कोण जाणे, त्यानं सगळ्या चौकोनांचे आवाज एकदम मोठे केले. "असू दे, असू दे, थांबते मी," असा दहा हजार तोंडांचा गलका खोलीभर झाला आणि लोक खो खो हसले.

"केतकी, तुझी आत्या म्हणजे देवमाणूस आहे गं!" विश्राम पावाचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला. त्याच्या हनुवटीवर तर्रीचा लाल ओघळ आला होता. केतकीला त्या ओघळाची शिसारी आली. तिनं पुढं होऊन आवाज बंद केला.

ही आत्या पडद्यावर कशी आली, ते आधी सांगायला हवं.

केतकी नोकरीला लागली तेव्हा चाचणी यंत्रंच करत. एक छोटा प्रोग्राम लिहायचा, तो हजार वेळा तेच बटण दाबायचा. पण यंत्राला कंटाळा येत नाही. माणूस मधेच दूध उतू जातंय म्हणून उठतो, चष्मा शोधतो, भलतंच बटण दाबतो आणि वर मोबाइललाच शिव्या घालतो. मग कुणीतरी शक्कल काढली, की खऱ्या माणसाचं बोलणं, बोटांची घाई, श्वास, चुका, गप्प राहणं असं सगळं काही महिने टिपायचं आणि त्यावर एक नक्कल शिकवायची. ती नक्कल त्या माणसासारखीच वैतागते, गोंधळते, हरखते. तिला खायला लागत नाही, पगार लागत नाही, आणि एकीच्या दहा हजार करता येतात. स्वभाव तोच ठेवायचा, वय, नजर आणि आजार तेवढे बदलायचे. कंपनीत या नकलांना 'पाहुणे' म्हणत. चाचणी सुरू करायची असली की कुणीतरी ओरडे, "चला, पाहुणे सोडा!" पाहुण्यांना जीव नसतो, असं कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलेलं होतं. नसेलही. पण ते दुखलं की कण्हत, हे मात्र केतकीनं आपल्या कानांनी ऐकलेलं होतं.

नवं सॉफ्टवेअर म्हाताऱ्यांसाठी होतं. नाव 'काठी'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं नुसतं "काठी" म्हणायचं, की पलीकडून मदतीचा माणूस बोलणार, गरज पडली तर डॉक्टर धाडणार. एका सरकारी खात्यानं ते राज्यभर द्यायचं ठरवलं होतं. चाचणीसाठी म्हातारे पाहुणे हवेत म्हणून कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येकानं घरातलं एकेक वडीलधारं माणूस द्यावं. कुणी आजोबा दिले, कुणी सासूबाई. पण म्हाताऱ्या माणसांना असल्या गोष्टींचा उबग लवकर येतो. चार दिवसांत कुणी तो टॅबलेट कपाटात टाकला, तर कुणी त्यावर पापड वाळत घातले. नेमानं सहा महिने टिकली ती एकटी मिरजेची शैलाआत्या.

ती टिकणारच होती. आत्यानं तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली होती. फोन आपण आधी ठेवायचा नाही, समोरच्यानं ठेवल्यावरच ठेवायचा, हे तिथं तिच्या हाडीमासी भिनलं होतं. तिनं लग्न केलं नाही. केतकीचे आईवडील पोर लहान असतानाच गेले, तेव्हा हिनंच तिला वाढवलं, शिकवलं, पुण्याला पाठवलं. केतकीनं नुसतं "आत्या, माझ्या कामासाठी हवंय गं," म्हटल्यावर तिनं टॅबलेट स्वयंपाकघरात ओट्यावर मांडला, त्याला 'पाटी' असं नाव ठेवलं आणि दिवसभर पाटीशी गप्पा मारल्या. पूर्ण झालेला पाहुणा तेवढा एकच होता. म्हणून 'काठी'ची अख्खी परीक्षा दहा हजार आत्यांनी घ्यायची, असं ठरलं. केतकीला तेव्हा आनंद झाला होता. तिनं ऑफिसात पेढे वाटले होते.

मदतीची माणसं नेमायची म्हणजे पगार आले. माणसं कमी नेमली तर म्हाताऱ्यांना फोनवर ताटकळावं लागणार. किती ताटकळलं म्हणजे माणूस वैतागून फोन ठेवतो, हे पाहुण्यांकडून काढायचं आणि तितकीच माणसं नेमायची, असा हा हिशेब. त्या दिवशीची चाचणी त्याचीच होती. ऐन उन्हाळा, वीज गेलेली, आणि गावोगावच्या म्हाताऱ्या एकदम फोन लावताहेत. मदतीची माणसं दर फेरीत कमी केली जात होती. आत्या काही फोन ठेवत नव्हत्या.

केतकीनं सवयीनं एक चौकोन उघडला. तिथल्या आत्याला हृदयविकार दिलेला होता.

"गर्दी असेल हो तुमच्याकडं," ती पलीकडच्या यंत्राला समजावत होती. "सावकाश घ्या. छातीत जरा दडपल्यागत होतंय, पण तशी काही घाई नाही. दुसरं कुणी जास्त नडलेलं असलं तर त्यांचं आधी बघा." मग नुसता श्वास ऐकू येऊ लागला. मग तोही येईना. आणि चौकोन हिरवा झाला.

केतकीला वाटलं, काहीतरी बिघडलंय. तिनं नियम उघडून पाहिला. ज्यानं फोन आपटला नाही, तक्रार केली नाही, वाईट शब्द काढला नाही, तो ग्राहक समाधानी, असा नियम होता. मेलेली आत्या फोन आपटत नव्हती. तिनं दुसरा चौकोन उघडला, तिसरा उघडला. हिरव्या रंगाखाली किती जणी गार पडल्या होत्या कोण जाणे. केतकी उठून बेसिनपाशी गेली आणि सकाळचा चहा तिथं ओकली. तोंड पुसून बाहेर आली तेव्हा भिंत पूर्ण हिरवी झाली होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

प्रकल्पाचा प्रमुख अद्वैत सबनीस जेवण आटोपून दातात काडी घालत बसला होता. त्यानं तिचं ऐकून घेतलं.

"दोष म्हणजे काय, केतकी? अपेक्षेप्रमाणे न घडलेली गोष्ट. इथं सगळं अपेक्षेप्रमाणे घडलंय."

"त्या मरताहेत, अद्वैत. फोन धरून."

"पाहुणे मरत नाहीत. तू काय कालची आहेस का?"

"खऱ्या म्हाताऱ्या मरतील ना!"

"खऱ्या म्हाताऱ्या एवढ्या थांबणारच नाहीत. वैतागतील, ठेवतील, तक्रार करतील, मग आपण माणसं वाढवू." त्यानं काडीच्या टोकाला आलेलं काहीतरी निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातलं. "तक्रार शून्य आहे, हे मी खात्याला कळवलंय. माहीत असलेल्या दोषांच्या यादीत हे नोंदवून टाक. एकदा तिथं नोंद झाली की कुणी विचारत नाही. आणि तुला अहवालावर सही करायची नसली तर नको करूस, विश्राम करेल."

केतकीला त्याच्या तोंडाकडे बघवेना. पण तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. माहीत असलेल्या दोषांत गोष्ट ढकलली की तिचा वास येईनासा होतो, आणि ही कला सबनीसला केतकीनंच शिकवली होती.

संध्याकाळी ती पाहुण्याच्या आत शिरली. वागण्यातली कुठलीही लकब दाखवून विचारलं, की ती कुठल्या प्रसंगातून शिकली ते यंत्र काढून देतं. वाट पाहण्याला अंतच का नाही, हे तिला शोधायचं होतं. उत्तर साधं निघालं. यंत्राला एखाद्या गोष्टीची सीमा कळायला ती निदान एकदा ओलांडलेली दिसावी लागते. घरातला काचेचा पेला एकदाही फुटलेला न पाहणारं पोर पेला फुटतच नाही असं धरून चालतं, तसंच हे. सहा महिन्यांत आत्यानं एकदाही स्वतःहून फोन ठेवला नव्हता. यंत्रानं ठरवून टाकलं, की ही बाई कधीच फोन ठेवत नाही.

पण एवढा वेळ ती थांबली तरी कुणासाठी? केतकीनं ते प्रसंग एकामागून एक काढले. गॅसवाला नव्हता, बँक नव्हती, दवाखाना नव्हता. सगळीकडे एकच नाव होतं, केतकी.

"थांब हं आत्या, एक मिनिट," असा तिचाच आवाज आला. मग लांबच लांब शांतता. पलीकडे आत्या काहीतरी गुणगुणत होती. मधेच पाटीला म्हणाली, "कामात असेल गं पोर." पुन्हा गुणगुणणं. मग पुण्याकडूनच फोन बंद झाल्याचा आवाज. केतकी परत आलीच नव्हती, आणि तिला तो फोन आठवतसुद्धा नव्हता. दुसऱ्या प्रसंगात तेच, आणि तिसऱ्यातही तेच. राज्यातल्या म्हाताऱ्यांनी किती वाट पाहायची याचं माप घेतलं होतं ते तिच्या या वागण्यावरून. तिला स्वतःच्या आवाजाची किळस आली. तिनं हेडफोन काढून ठेवले तरी तो आवाज कानात चिकटून राहिला.

शनिवारी ती मिरजेला गेली. एक वाट अजून मोकळी होती. ज्याचा पाहुणा त्यानं संमती मागं घेतली, तर पाहुणा पुसून टाकावा लागतो, आणि मग सगळी चाचणी रद्द.

आत्यानं सांज्याची पोळी वाढली आणि समोर बसून ऐकलं. ऐकून म्हणाली, "मी सही मागं घेतली म्हणजे तुझ्या नोकरीवर गदा येणार की."

"येऊ दे."

"काय येऊ दे? मला नाही जमायचं ते. पडद्यावर थांबते तर थांबू दे की, माझं काय जातंय?"

केतकीनं नाइलाजानं तो हृदयविकाराचा चौकोन तिला दाखवला. आत्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून तिनं टॅबलेट अगदी नाकाशी धरला. शेवटपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अगदी माझ्यासारखं केलंय की गं! आवाज सुद्धा."

"आत्या, ती शेवटी बोलायची थांबली बघ."

"झोप लागली असेल. दमली असेल बिचारी."

केतकीनं टॅबलेट बाजूला ठेवला. मग तिनं दुसरा उपाय काढला. "बरं, एक काम कर. पाटीसमोर माझ्यावर खूप रागाव आणि फोन आपट. एकदाच." आत्यानं पदर खोचला, कमरेवर हात ठेवले, "हा काय वात्रटपणा आहे?" म्हणाली, आणि हसत सुटली. तीन वेळा प्रयत्न झाला. यंत्रानं तिन्ही प्रसंग 'नाटकी' म्हणून बाहेर फेकले. श्वास आणि आवाजाचा कंप यावरून त्याला खोटा राग ओळखता येई.

"शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, लक्षात आहे ना?" निघताना आत्यानं विचारलं. "घरचं माणूस लागतंय म्हणालेत. दुपारी बोलावलंय. तू सकाळी ये. आपण दोघी जेवू आणि मग जाऊ."

"येते," केतकी म्हणाली.

पुण्याला परत जाताना गाडीतच तिच्या डोक्यात तो विचार आला. तो इतका घाणेरडा होता, की तिनं खिडकी उघडून वारा घेतला. पण विचार गेला नाही. ती टेस्टर होती. एखादी गोष्ट किती भार सोसते हे कळत नसेल, तर ती मोडेपर्यंत भार वाढवायचा, हेच तिला येत होतं. शेवटची चाचणी सोमवारी होती. त्या वेळी खात्याची माणसं समोर बसणार होती, आणि आदल्या आठवड्यापर्यंतचे सगळे प्रसंग पाहुण्यात घातलेले असले पाहिजेत, अशी त्यांची अट होती. कुणी जुना, सोयीचा पाहुणा पुढं करू नये म्हणून त्यांनी ती घातली होती. एकच प्रसंग हवा होता, पण खरा.

शुक्रवारी ती सकाळीच मिरजेत पोचली. आत्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांजवळ एक हॉटेल होतं, तिथं ती जाऊन बसली आणि चहा मागवला.

आत्यानं पाटीवरून फोन केला; पाटी अजून सगळं टिपतच होती. "कुठवर आलीस गं?"

"पेठनाक्यावर आहे. रस्त्याचं काम चाललंय. थांब हं."

"असू दे, सावकाश ये. मी पिशवी भरून ठेवलीय."

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. केतकी म्हणाली, "आत्या, दुसरा फोन येतोय, थांब हं एक मिनिट," आणि तिनं मोबाइल टेबलावर ठेवून दिला. बारीक आवाजात आत्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. समोर एक कारागीर सतारीचा भोपळा घासत होता. केतकी त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मोबाइल उचलला.

"जेवलीस का आत्या?"

"तू आल्यावर जेवू की दोघी. गोळी तेवढी घेतलीय."

आत्याला मधुमेह होता. साखरेची गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, याचा अर्थ तिला चांगला ठाऊक होता. साखर घसरत जाते, हातापायांना कापरं भरतं, घाम फुटतो, आणि तरीही पोटात काही गेलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. 'जेवून घे' एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर आले. ते बोलली असती तर आत्या जेवली असती, शांत झाली असती आणि आणखी तासन्तास थांबली असती.

"आलेच मी. सांगलीत शिरलेय. थांब," केतकी म्हणाली.

दुपार झाली. दवाखान्यातून आत्याला फोन येऊन गेला. तिनं त्यांनाही, पोर वाटेत आहे, असं सांगितलं. नंतरच्या फोनला तिचा आवाज जड येत होता, शब्द अडखळत होते. "केतकी... कुठं..." केतकी खुर्चीतून अर्धी उठली. आता पुरे, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि तोंडातून मात्र निघालं, "आत्या, मीटिंग लागलीय गं मधेच. थांब ना जरा."



"किती थांबू?" आत्या म्हणाली. आवाज आत्याचा होता, पण असा तो केतकीनं कधी ऐकला नव्हता. "किती वर्षं थांबू गं तुझ्यासाठी? दिवाळीला थांबले, आजारी पडले तेव्हा थांबले. लोकांना सांगत बसले, पोर कामात आहे, पोर कामात आहे. मी काय एस्टी स्टँड आहे का, तुला वाटलं तर यायला? अंगाला घाम सुटलाय, हात कापतोय माझा, आणि तू मला थांब म्हणतेस! आणि मी थांबतेय, सकाळपासून, नवीन साडी नेसून, येड्यासारखी. शी! किळस येते मला माझी. तुझी नाही, माझी येते. ऐक केतकी, येऊ नकोस. आज नाही, उद्या नाही, कधीच येऊ नकोस."

आणि तिनं फोन आपटला.

मोबाइलवर पाटीचा प्रश्न उमटला, 'प्रसंग खरा की नाटकी?' यंत्र आपलं मत देतंच, पण त्यावर टेस्टरचा शिक्का लागतो. केतकीनं आधी 'खरा' दाबलं आणि तो प्रसंग कंपनीत पोचल्याचं कळेपर्यंत जागची हलली नाही. मग ती धावली.

घराला कुलूप होतं. शेजारच्या नसीमभाभी आत्याच्या उंबऱ्यावर पडलेली साखर झाडत होत्या.

"आत्ता येताय?" त्यांनी केतकीला आपादमस्तक न्याहाळलं. "ओट्यापाशी पडल्या होत्या. तोंडात साखर कोंबली मी, आणि माझ्या पोरानं गाडीवरून नेलं दवाखान्यात. दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती हो त्यांनी."

आत्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. साखर ताळ्यावर यायला दोन दिवस गेले. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशनही उरकून टाकलं. या सगळ्या वेळात केतकी खाटेशेजारी बसून होती आणि आत्या तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पाणी हवं असलं तरी ती नसीमभाभींना सांगे. नसीमभाभी घरी गेलेल्या असल्या तर तहानलेली राही.

दुपारी पुण्याहून विश्रामचा फोन आला. तो घाबरला होता. खात्याची माणसं येऊन बसली, पाहुणे सोडले, आणि पहिल्या फेरीतच सगळं विपरीत झालं. सुरुवातीला नेहमीचं "असू दे, थांबते" झालं. मग कुठंतरी एका आत्यानं "किती थांबू?" म्हणून विचारलं आणि फोन आपटला. मग दुसरीनं, मग शंभर जणींनी. बघता बघता अख्खी भिंत लाल झाली. सबनीस जुना पाहुणा लावा म्हणून ओरडत होता, पण खात्याच्या बाईंनी अट दाखवली आणि त्याला गप्प बसवलं. 'काठी' थांबवली होती. मदतीची माणसं चौपट वाढवल्याशिवाय ती बाहेर सोडायची नाही, असं त्या लिहून देऊन गेल्या होत्या.

केतकीनं फोन ठेवला. सरळ जिंकलं म्हणावं अशी ही गोष्ट होती. गावोगावच्या म्हाताऱ्या आता फोन धरून मरणार नव्हत्या. तिला वाटलं, हे आत्याला सांगायलाच हवं. तिला सगळं कळलं, तर तिच्या मनातला राग उतरेल. आत्याचा मूळचा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याचं भलं झालं की ती आपलं दुखणं विसरते.

तिनं सगळं सांगितलं, पाहुणे कसे बनतात, हिरवा रंग म्हणजे काय, सबनीस काय म्हणाला, आणि खरा राग का हवा होता. आत्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा डोळा छताकडे लावून ती ऐकत होती. केतकीचं बोलणं संपलं तेव्हा आत्याच्या कपाळावर बारीकशी आठी पडलेली होती.

"म्हणजे तू वाटेत नव्हतीस," ती म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच केतकीशी बोलत होती.

"नव्हते."

"मग कुठं होतीस?"

"इथंच. सतारींच्या दुकानांपाशी हॉटेल आहे ना, तिथं."

"दुपारभर?"

"हो. पण आत्या, लाखो लोकांचा..."

"ते कळलं मला." आत्यानं मान वळवली आणि उघड्या डोळ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तिथं काही खाल्लंस का?"

केतकीला क्षणभर प्रश्नच समजला नाही. मग आठवलं. तिथं बसल्या बसल्या भूक लागली होती. कांदाभजीचा घाणा निघाला होता. फोन टेबलावर होता, त्यातून आत्याचं गुणगुणणं येत होतं, आणि तिनं गरम गरम भजी खाल्ली होती, दोन बशा. बोटं कागदाला पुसली होती. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण त्या एका डोळ्यापुढं ते जमलं नाही.

"भजी खाल्ली," ती म्हणाली.

आत्यानं मान पुन्हा फिरवली. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"नसीम," ती पायथ्याशी बसलेल्या नसीमभाभींना म्हणाली, "ह्या बाईंना बाहेर बसायला सांग."

केतकी उठली. ती बाहेर गेल्यावर नसीमभाभींनी तिच्या पाठीमागं दार लोटून घेतलं.